कडुनिंब झोडपूनही मळीच्या रानातली हुमणी का हटत नाही?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं. कृष्णाकाठी, भिलवडीच्या बाजूला तुमची दोन एकर मळीची, म्हणजे नदीच्या गाळाची जमीन आहे, त्यात आडसाली (दीड वर्षाचा) ऊस. कडेगावच्या वर माळाला, टेंभू उपसा योजनेचं पाणी आल्यापासून, आणखी तीन एकर ऊस आणि थोडा भुईमूग. हुमणी, म्हणजे भुंगेऱ्याची मुळ्या खाणारी अळी, दोन्हीकडे आहे. गेली तीन वर्षं वळीव पडला की तुम्ही बांधावरचे कडुनिंब आणि बाभळी झोडपून भुंगेरे गोळा करता. माळाला फरक पडला, पण नदीकाठी काही उपयोग झाला नाही. आता भाद्रपदात मळीतली उसाची बेटं पिवळी पडून नुसत्या हिसक्यानं उपटून येत आहेत, म्हणून तुम्ही विचारलंत की यापेक्षा जहाल औषध कोणतं.

औषधाचं मी शेवटी सांगतो. आधी हे पाहू, की तुमच्या दोन्ही रानांत एकच कीड आहे का? तुम्ही जे लिहिलंय त्यावरून मला तसं वाटत नाही. आपण ‘हुमणी’ म्हणतो ती भुंगेऱ्याची अळी. पांढरी, डोकं तांबूस, इंग्रजी ‘सी’सारखी वाकलेली. असल्या अळीचे भुंगेरे आपल्या भागात बऱ्याच जातींचे आहेत. उसाचं खरं नुकसान करणाऱ्या त्यातल्या मुख्य दोन. एकीला आपण माळावरची हुमणी म्हणतो, शास्त्रीय नाव होलोट्रिकिया सेराटा. दुसरी नदीकाठची हुमणी, ल्युकोफोलिस लेपिडोफोरा. अळी हातात घेतली तर दोन्ही सारख्याच दिसतात, फरक कळतो तो भुंगेऱ्यात आणि त्यांच्या वर्षभराच्या वागण्यात. तुमचं तीन वर्षांचं काम माळाच्या भुंगेऱ्याला लागू पडणारं होतं. ते माळाला चाललं आणि मळीत चाललं नाही, यात मला तरी काही कोडं वाटत नाही.

मी साखर कारखान्याच्या ऊस विकास विभागात बावीस वर्षं काढली. त्यातली पहिली सहा-सात वर्षं आम्हीही हीच चूक करत होतो, म्हणून जरा विस्तारानं सांगतो. जून महिन्यात गावोगाव भुंगेरे गोळा करायची मोहीम लागायची, किलोवर पैसे मिळायचे. पोरंटोरं बॅटऱ्या आणि घमेली घेऊन रात्री बाहेर पडायची. पोती भरायची. किती किलो गोळा झाले यावर आम्ही मोहीम यशस्वी ठरवायचो. एका वर्षी मी गावाप्रमाणे आकडे मांडून बसलो, तेव्हा ध्यानात आलं की सगळी पोती माळाकडच्या गावांतली आहेत. नदीच्या पट्ट्यातून घमेलंभरही भुंगेरे आलेले नाहीत, आणि ऊस वाळल्याच्या तक्रारी मात्र तिथूनच जास्त. नदीकाठची माणसं आळशी आहेत असं म्हणून आमच्यातल्या काहींनी तो विषय मिटवला. मला ते पटलं नाही. मी पुढचा सगळा पावसाळा नदीकाठच्या चार रानांत तिन्हीसांजेला जाऊन उभा राहिलो, तेव्हा उलगडा झाला.

आधी माळाचा भुंगेरा घेऊ, कारण तो तुमच्या ओळखीचा आहे. तांबूस-काळपट तपकिरी, गुळगुळीत पाठीचा, साधारण दोन ते अडीच सेंटिमीटरचा. तो जमिनीत तयार होऊन पडलेला असतो आणि वळवाची वाट बघत असतो. रोहिणीत किंवा मृगात पहिला भिजवणीचा पाऊस झाला, की अंधार पडता पडता बाहेर येतो आणि थेट झाडावर जातो. कडुनिंब, बाभूळ, बोर ही त्याची आवडती झाडं. तिथं पानं खातो, तिथंच नर-मादी जुळतात, आणि पहाटेच्या आत परत जमिनीत शिरतो. मादी जमिनीत वीतभर खोलीपर्यंत साधारण ५०-६० अंडी घालते. दीड-दोन आठवड्यांत अळ्या निघतात, आधी कुजकं आणि बारीक मुळ्या खातात, मोठ्या झाल्या की उसाच्या जाड मुळ्यांवर येतात. पावसाळा सरता सरता अळी खोल जाऊन कोषात जाते. कोषातून भुंगेरा निघतो, पण तो वर येत नाही. सगळा हिवाळा-उन्हाळा मातीत निपचित राहतो. वर्षाला एकच पिढी.

हे सगळं माळाच्या जमिनीला शोभणारंच आहे. माळाची जमीन हलकी, मुरमाड. ओल असते ती पावसाळ्यात, दिवाळीनंतर वरचा थर कोरडा पडतो. तेवढ्या मुदतीत अळीला खाणं उरकून घ्यायला लागतं. आणि भुंगेऱ्याला बाहेर आल्यावर खायला माळावर काय असतं, तर बांधावरची झाडं. हा जीव आयुष्यातलं थोडं खाणं झाडावर करतो, म्हणून झाडावर सापडतो, म्हणून मारता येतो.

आता नदीकाठचा. हा अंगानं मोठा आणि जाड. तपकिरी अंगावर पांढुरके बारीक खवले असतात, त्यामुळं राख भुरभुरल्यासारखा करडा दिसतो. त्याच्या शास्त्रीय नावातच हे आहे. ‘ल्युकोफोलिस’चा अर्थ पांढऱ्या खवल्यांचा, आणि ‘लेपिडोफोरा’चा अर्थ खवले बाळगणारा. ज्यानं नाव ठेवलं त्याला दोन्ही वेळा खवलेच दिसले. ताज्या भुंगेऱ्याची पाठ नीट बघा, शक्य तर भिंगातून. जुना, हाताळलेला भुंगेरा असेल तर खवले झिजून तो नुसता तपकिरी वाटू शकतो, तेव्हा एकाच नमुन्यावर ठरवू नका.

खरा फरक त्याच्या वागण्यात आहे. पावसानं चांगला जम बसवला की, जून-जुलैत, तोही तिन्हीसांजेला जमिनीतून निघतो. पण झाडाकडे जात नाही. शेतातच, उसाच्या शेंड्यांच्या उंचीवर आणि बांधाच्या गवतावर घोंघावत फिरतो, जोडी जमते, आणि थोड्याच वेळात परत मातीत. पहिल्या दिवशी मी साडेसातला पोचलो आणि काहीच दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी दिवस मावळतानाच जाऊन उभा राहिलो, तर चहूबाजूंनी गुणगुण. अर्ध्या-पाऊण तासात सगळं शांत. नारळ-सुपारीच्या बागांत याच्या भावकीतला एक भुंगेरा आहे, तो भुंगेरा झाल्यावर काहीच खात नाही. आपल्याकडचा हाही मला पान खाताना कधी दिसलेला नाही. जे काही खायचं ते अळीपणीच मुळ्यांवर खाऊन झालेलं असतं. मग तो कडुनिंबावर कशाला जाईल? तुम्ही तीन वर्षं ज्या झाडाखाली चादर पसरून बसलात तिथं मळीचा भुंगेरा येणारच नव्हता. जे थोडे सापडले असतील ते वरच्या बाजूच्या माळावरून आलेले असतील.

आणि मळीची जमीन त्याला का आवडते तेही बघा. पुरानं आणलेला गाळ, खोल, मऊ, बारा महिने ओल. पीक कोणतं, तर आडसाली ऊस, जुलै-ऑगस्टची लागण, सोळा-अठरा महिने रानात उभा, म्हणजे एका लागणीला दोन पावसाळे. त्यावर खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुंध्यातून पुन्हा फुटलेलं पीक. मुळ्यांचा पुरवठा कधी तुटतच नाही. म्हणून या अळीला घाई नाही. माळावरची अळी खाणं संपवून कोषात गेलेली असते, त्या वेळी मळीत मार्गशीर्षातही फावड्याखाली जाड, खाती अळी निघते. हा फरक तुम्ही स्वतः तपासू शकता, आणि तुम्हाला भिंग नको की पुस्तक नको. डिसेंबरात दोन्ही रानांत खणा. माळाला कोष किंवा मऊ अंगाचे नवे भुंगेरे, आणि मळीत अजून अळ्याच मिळाल्या, तर तुमच्याकडे दोन वेगळ्या किडी आहेत.

मात्र मी लिहिलंय म्हणून ‘नदी म्हणजे ही, माळ म्हणजे ती’ अशी पक्की रेघ मारू नका. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांच्या पाण्यानं माळाचा ऊस बारमाही झाला आहे. काही ठिकाणी माळावर गाळ टाकून जमिनी केल्या आहेत. मधल्या काळ्या रानांत, जिथं नदी लांब नाही आणि माळही लांब नाही, मला दोन्ही जाती एकाच सरीत मिळाल्या आहेत. भुईमूग, सोयाबीन, हळद यांच्यातही हुमणी लागते, तेव्हा उसापुरताच विचार करून चालत नाही. तुमची जमीन प्रत्यक्ष बघितल्याशिवाय छातीठोक सांगता येणार नाही, म्हणूनच खणून बघायचा आग्रह धरतोय.

खणायचं कसं ते सांगतो, कारण बहुतेक लोक वाळलेल्या बेटाखाली एकदा फावडं मारतात, चार अळ्या बघतात आणि दुकान गाठतात. फूट लांब, फूट रुंद, फूट खोल असे खड्डे घ्या, एकरात आठ-दहा, निम्मे खराब भागात आणि निम्मे चांगल्या भागात. प्रत्येक खड्ड्यातल्या अळ्या मोजा आणि तारखेसह वहीत लिहा. लहान, मध्यम, मोठी एवढं वर्गीकरण पुरे. दर महिन्याला एकदा हे केलं, की वर्षाअखेरीस तुमच्या रानाचं हुमणीचं वेळापत्रक तुमच्या वहीत असेल, आणि ते कुठल्याही छापील पत्रकापेक्षा तुमच्या कामाचं. चार-पाच मोठ्या अळ्या डब्यात, त्याच रानातली ओलसर माती आणि थोड्या मुळ्या घालून, सावलीत ठेवा. झाकणाला भोकं पाडा. एका डब्यात एकच अळी ठेवा, एकत्र ठेवल्या तर एकमेकींना चावतात. भुंगेरा निघाला की जात कळते. तेवढा धीर नसेल तर अळ्या स्पिरिटमध्ये घालून जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी महाविद्यालयाच्या कीटकशास्त्र विभागात न्या. अळीच्या शेपटाकडच्या टोकाला, पोटाच्या बाजूला बारीक काट्यांची मांडणी असते, ती प्रत्येक जातीत वेगळी असते. जाणकार माणूस सूक्ष्मदर्शकाखाली ती बघून सांगतो.

एक गोष्ट मध्येच सांगून टाकतो, कारण त्यावरून फार जण घाबरतात. शेणखताच्या खड्ड्यात अंगठ्याएवढ्या जाड पांढऱ्या अळ्या निघतात. त्या बहुतेक वेळा नारळाला लागणाऱ्या गेंड्या भुंग्याच्या किंवा फुलभुंगेऱ्याच्या असतात. सपाट जमिनीवर ठेवा. पाय आभाळाकडे करून पाठीवर सरपटत चालू लागली तर फुलभुंगेऱ्याची अळी, कुजक्या पदार्थावर जगणारी. ती उसाच्या मुळ्या खात नाही. तरीही न कुजलेलं शेणखत रानात टाकू नका, त्याचा वास आणि ऊब भुंगेऱ्यांना अंडी घालायला बोलावते.

आता उपाय. माळाला तुमचं चाललंय तेच चालू ठेवा, फक्त आणखी दोन गोष्टी करा. एक म्हणजे एकट्यानं करू नका. भुंगेरा बांध मानत नाही, शेजारचे सात-आठ जण बरोबर घेतल्याशिवाय फायदा टिकत नाही. दुसरं म्हणजे पहिल्या पावसाच्या रात्रीच सुरुवात करा आणि तीन-चार आठवडे सोडू नका, कारण सगळे भुंगेरे एका रात्रीत निघत नाहीत, प्रत्येक सरीनंतर नवी खेप येते. साडेसात-आठनंतर फांद्या हलवा, खाली पडलेले गोळा करून रॉकेल मिसळलेल्या किंवा साबणाच्या पाण्यात टाका. प्रकाश सापळाही लावा. बांधावरच्या झाडांवर औषध फवारायचा सल्ला दिला जातो, तो चालतो, पण मग त्या झाडाचा पाला शेळ्यांना घालू नका आणि झाडाखाली पडलेले भुंगेरे कोंबड्यांना टिपू देऊ नका. उन्हाळ्यात रान रिकामं झालं की खोल नांगरट. नांगरामागं साळुंक्या, कावळे, बगळे येतात, ते जेवढे भुंगेरे खातात तेवढे तुमच्या कुठल्याच खर्चात मरत नाहीत. नांगरट सकाळच्या वेळी करा, भर उन्हात पाखरं फिरकत नाहीत.

मळीत मात्र झाडाचा नाद सोडून जमिनीकडे बघायचं. भुंगेरे गोळा करायचे असतील तर शेतात, तिन्हीसांजेला, दिवस मावळायच्या आधी हजर राहून. लहान ऊस असताना हे जमतं, हाताच्या जाळीनं किंवा नुसत्या हातानं. ऊस डोक्याच्या वर गेला की जमत नाही, हे मान्य करायला हवं. त्यामुळे मळीत माझा भर तीन गोष्टींवर असतो.

पहिली, खोडवा. हुमणी लागलेल्या रानात दुसरा-तिसरा खोडवा ठेवायचा मोह टाळा. मला माहीत आहे, खोडव्यात खर्च कमी आणि पैसा सरळ असतो. पण मुळ्या अखंड मिळत राहिल्या तर ही अळी रान सोडत नाही. ऊस तुटल्यावर रान मोडा, खोल नांगरा, मजूर लावून अळ्या वेचा. हिवाळ्यात अळ्या अजून वरच्या थरात असतात तेव्हा वेचणं सोपं जातं. कडक उन्हाळ्यात त्या खाली जातात, नांगराला पोचत नाहीत. मग एक हंगाम सोयाबीन-हरभऱ्यासारखं कमी मुदतीचं पीक घेऊन रान मोकळं राहू द्या. सोयाबीनवरही हुमणी जगते, पण पीक निघाल्यावर जे दोन-तीन महिने रान पडीक आणि उकललेलं राहतं, त्याचा उपयोग होतो.

दुसरी, जैविक औषध. मेटारायझियम ही हिरवी बुरशी अळीवर वाढून तिला मारते. तिला ओल लागते, आणि मळीत ओल भरपूर असते, त्यामुळं माळापेक्षा मळीत तिचा परिणाम मला चांगला दिसला आहे. चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून सावलीत आठवडाभर ओलसर ठेवायची आणि मग सरीत, बेटाजवळ, मातीआड करायची. उघड्यावर उन्हात टाकली तर मरते. तिच्या आगेमागे बुरशीनाशकाची आळवणी (मुळाशी औषधाचं पाणी ओतणं) करू नका, पैसे वाया जातात. कीटकांवर जगणारे सूत्रकृमी, म्हणजे मातीतले अतिबारीक कृमी, हेही मिळतात, तेही ओलीतच काम करतात. या दोन्हींचा परिणाम आठवड्यात दिसत नाही. पहिल्या वर्षी थोडा, दुसऱ्या वर्षी जास्त.

तिसरी, रासायनिक औषधाची वेळ. तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथंच आहे. लहान अळीवर औषध चालतं, मोठ्या अळीवर फारसं चालत नाही, मग ते कितीही जहाल असो. माळाचा भुंगेरा मे-जूनमध्ये निघतो, म्हणून तिथं लहान अळ्या जूनअखेर ते जुलैत असतात. मळीचा भुंगेरा मागून निघतो, तिथं लहान अळ्या जुलैअखेर ते ऑगस्टमध्ये. तुम्ही दोन्ही रानांत एकाच दिवशी औषध टाकत असाल, आणि तुमच्या लिहिण्यावरून तसं दिसतंय, तर एका रानात ते अवेळी पडतंय. दोन्ही तारखा तुमच्या वहीतल्या खड्ड्यांवरून ठरवा. औषध कोणतं, तर ऊस आणि हुमणी या दोन्हींसाठी लेबलवर शिफारस असलेलंच घ्या, फिप्रोनिल आणि इमिडाक्लोप्रिड यांचं मिश्रण त्यासाठी वापरलं जातं. प्रमाण लेबलवरचंच, बेटाच्या बुंध्याशी आळवणी, जमिनीत वाफसा (ना चिखल, ना कोरडी, अशी ओल) असताना. अजून कुणी तुम्हाला फोरेट दहा टक्के दाणेदार देऊ करत असेल तर घेऊ नका. त्याच्या वापरावर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात पूर्ण बंदी आहे, आणि नदीकाठच्या जमिनीत टाकलेलं विष कुठं जातं हे तुम्हाला सांगायला नको. तुमच्या विहिरीत आणि खालच्या गावाच्या पाण्यात.

पुराबद्दलही तुम्ही विचारलंय, की २०१९ च्या पुरात दहा-बारा दिवस रान पाण्याखाली होतं तरी हुमणी कशी उरली. रानात पाणी तुंबून राहिलं की अळ्या मरतात हे खरं, त्या वर्षी सखल रानांत मलाही नंतर कमी अळ्या मिळाल्या. पण पाणी न पोचलेल्या उंच पट्ट्यांतून आणि बांधांच्या जाडीतून भुंगेरे पुढच्या पावसाळ्यात परत पसरतात. पूर हा काही तुमचा उपाय होऊ शकत नाही.

आत्ताच्या घडीला, या आठवड्यात काय करायचं? माळाला काहीच टाकू नका, तिथल्या अळ्या मोठ्या झाल्या आहेत, थोड्याच दिवसांत खाणं थांबवतील. मळीत वाळलेली बेटं खणून काढा, मुळाशी निघतील तेवढ्या अळ्या वेचून मारा, आणि आजूबाजूच्या दोन-तीन फुटांतल्या बेटांच्या बुंध्याशी मेटारायझियम मिसळलेलं शेणखत मातीआड करा. खराब पट्टा किती मोठा आहे त्याचा कच्चा नकाशा वहीत काढून ठेवा, पुढच्या जुलैत पहिले खड्डे तिथंच घ्यायचे. डिसेंबरातल्या खणण्यात दोन्ही रानांत काय निघालं ते मला तारखेसह कळवा. फोटो पाठवणार असाल तर अळीचा नको, भुंगेऱ्याच्या पाठीचा पाठवा, दिवसाच्या उजेडात, जवळून.